आमंत्रणाचा रंग

गेल्या वर्षी मार्गशीर्षात जालन्यास आमच्या घरी माझ्या पुतणीचे लग्न झाले. लग्नाआधी महिनाभर तिने साऱ्या नातेवाइकांच्या फोनवर एक चिठ्ठी धाडली. चिठ्ठीत तीन ओळी होत्या. मेंदीला सर्वांनी हिरवे नेसावे, हळदीला सर्वांनी पिवळे नेसावे आणि संध्याकाळच्या स्वागतसमारंभाला सर्वांनी गुलाबी किंवा राखाडी. प्रत्येक ओळीखाली त्या त्या रंगाचा चौकोन काढलेला होता. म्हणजे हिरवा कोणता आणि पिवळा कोणता याविषयी कुणाच्या मनात शंका राहू नये. मंगल कार्यालयाचे पडदे, खुर्च्यांना बांधायच्या फिती, दारातली फुग्यांची कमान, फार काय, पण पाहुण्यांच्या हाती द्यायचे सरबताचे पेलेदेखील त्याच चौकोनांतून बाहेर पडलेले असणार होते.

चिठ्ठी वाचून मला हसू आले आणि थोडा रागही आला. कवितांवर बरेवाईट लिहिण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला कवितेखेरीज इतर गोष्टींवरही अभिप्राय देण्याची खोड जडते. मी पुतणीला म्हणालो, "अगं, हे लग्न आहे की शाळेची कवायत?" ती म्हणाली, "काका, तुम्ही यावर एक लेखच लिहा ना." ती थट्टेने म्हणाली, मी मनावर घेतले. हा तोच लेख आहे. मात्र जे लिहायचे म्हणून मी ठरवले होते, ते निम्म्या लेखापलीकडे टिकले नाही, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

समारंभाचे रंग हा टीकेचा विषय होऊ शकतो काय? माझ्या मते होऊ शकतो. किंबहुना व्हायला हवा. समारंभ म्हणजे रंग, नाद, गंध, चव आणि माणसे यांची कुणीतरी जाणून केलेली मांडणी. तिला आरंभ असतो, मध्य असतो आणि शेवट असतो. आमच्या जिल्ह्यात एखाद्या मध्यम घरच्या लग्नाला हजार माणूस सहज जमते. एखाद्या चांगल्या कवितासंग्रहाच्या वाट्याला एवढे डोळे किती वर्षांनी येतात, ते कवींना विचारावे. लोकांची अभिरुची घडते ती ग्रंथालयात थोडी आणि मांडवात फार. मग मांडवावर टीकाकाराने का लिहू नये?

लिहायचे तर कसोटी हवी. ती मी दूरवरून आणली नाही. अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने औचित्याचा विचार मांडला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की कोणताही अलंकार स्वतःपुरता सुंदर नसतो. तो योग्य जागी असेल तरच सुंदर. कमरेची मेखला गळ्यात घातली आणि गळ्यातला हार कमरेला बांधला, तर सोने तेच राहते, पण बघणारा हसतो. आपल्या जुन्या समारंभांनी क्षेमेंद्राचे नावही न ऐकता रंगांच्या बाबतीत हे तत्त्व पाळले आहे.

काळा रंग घ्या. बारा महिने त्याला शुभकार्याचा उंबरा वर्ज्य. लग्नात कुणी काळे नेसून आले तर आजही चार माना वळतात. पण पौषाच्या थंडीत संक्रांत आली की तोच काळा मानाने घरात येतो. नव्या सुनेच्या अंगावर काळी चंद्रकळा आणि तिच्यावर हलव्याचे पांढरेशुभ्र दागिने. वर्षभर दाराबाहेर थांबलेला रंग एका दिवसापुरता आत येतो, म्हणून तो असा उठून दिसतो. पिवळा रंग हळदीचा आणि लग्न लागताना नेसायच्या अष्टपुत्रीचा. हिरवा चुड्याचा आणि डोहाळजेवणाचा. तांबडा कुंकवाचा, आणि पोळ्याच्या दिवशी बैलांच्या शिंगांना लावायच्या हिंगुळाचा. आमच्या जालन्यात धुळवडीला हत्ती रिसाल्याची मिरवणूक निघते. त्या दिवशी गावाच्या अंगावर जो रंग असतो तो अंगावर घेऊन दुसऱ्या दिवशी कुणी कचेरीत गेला, तर त्याला लोक वेड्यात काढतील. रंग तोच, पण त्याची जागा आदल्या दिवशी होती.

याला मी औचित्य म्हणतो. या औचित्याच्या पोटात आणखी एक गुण आहे. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' या १९५५ सालच्या ग्रंथात लयीची तीन अंगे सांगितली: संवाद, विरोध आणि समतोल. जुन्या मांडवात ही तिन्ही सापडतात. वऱ्हाडी मंडळी आपापल्या पेटीतले जे उंची असेल ते नेसून येत. कुणाचे आमसुली, कुणाचे डाळिंबी, कुणाचे विटके होऊन गेलेले अंजिरी. पुरुषांची पांढरी धोतरे, मध्येच एखादा तांबडा फेटा. या सगळ्या गलबल्याच्या मधोमध पिवळ्या अष्टपुत्रीतली नवरी. तिच्याकडे बघा म्हणून कुणाला सांगावे लागत नसे. भोवतालच्या विरोधातून तिचा पिवळा आपोआप पुढे येई.

आता चिठ्ठीतला मांडव पाहू. तिथे संवाद आहे आणि संवादाखेरीज दुसरे काहीच नाही. नवरी पिवळी, करवली पिवळी, मामा पिवळा, पडदा पिवळा, फुगे पिवळे. डोळ्याला टेकायला जागा नाही आणि नवरी कुठे आहे ते शोधावे लागते. प्रत्येक ओळीत एकच विशेषण वापरणाऱ्या कवीला आपण नवशिका म्हणतो. मग या मांडवाला 'देखणा' का म्हणावे? याचे उत्तर एवढेच, की हा मांडव आत बसलेल्या माणसासाठी रचलेलाच नसतो. तो कॅमेऱ्यासाठी रचलेला असतो. चौकटीत एकरंगी घोळका नीटस दिसतो. या समारंभाचा मुख्य पाहुणा छायाचित्रकार होय; बाकीचे आपण सारे त्याच्या चित्रातली पार्श्वभूमी.

दुसरा आक्षेप भाषेचा आहे. आपल्याकडे रंगांची नावे शेतातून, परसातून आणि स्वयंपाकघरातून आली: आमसुली, वांगी, लिंबू, अबोली, गुलबक्षी, शेवाळी, मोरपंखी, पारवा. या नावांत एक सैलपणा आहे आणि तोच त्यांचा गुण आहे. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या मोसंबीचा रंग कोणता म्हणून विचाराल, तर झाडावर ती गर्द हिरवी असते, पुढे पोपटी होते, मग पिवळसर, आणि एकाच पाटीत या साऱ्या छटा शेजारी शेजारी बसलेल्या असतात. नाव फळाचे असल्यामुळे त्यात सगळ्या छटा मावतात. चिठ्ठीतल्या चौकोनात एकच छटा मावते. 'पिवळा' म्हणजे हाच पिवळा. तुमच्या साडीचा पिवळा त्याहून किंचित मातकट असेल तर तुम्ही चुकलात.

तिसरा आक्षेप नवरात्राच्या रंगांवर आहे, कारण चिठ्ठीतली ही सवय आपल्या अंगवळणी पडली ती तिथून. या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत मुंबईच्या एका मराठी दैनिकाने नऊ दिवसांचे नऊ रंग छापायला आरंभ केला आणि वाचक स्त्रियांची छायाचित्रे मागवली. पाहता पाहता ते रंग महाराष्ट्रभर झाले. आज नवरात्रात जालन्याच्या बँकेत जा, शाळेत जा, बसस्थानकावर जा. आजचा रंग कोणता, ते कुणाला विचारावे लागत नाही. अंबडला मासोळीच्या आकाराच्या टेकडीवर मत्स्योदरी देवीचे देऊळ आहे. तिथे पायऱ्या चढणाऱ्या बायकांची रांग खालून पाहिली, तर दिवसाच्या रंगाचा एक पट्टाच टेकडीवर चढताना दिसतो.

पुष्कळांना हे रंग शास्त्रातले वाटतात. त्यांचा हिशेब उलगडून पाहिला तर गंमत दिसते. २०२४ साली घटस्थापना गुरुवारी होती आणि पहिला रंग पिवळा होता. २०२५ साली ती सोमवारी आली आणि पहिला रंग पांढरा झाला. म्हणजे रंग देवीच्या रूपाचा नसून वाराचा आहे. सोमवारी चंद्राचा पांढरा, मंगळवारी मंगळाचा तांबडा, गुरुवारी गुरूचा पिवळा, इथवर नवग्रहांचा जुना हिशेब जुळतो. बुधवारी बुधाच्या हिरव्याऐवजी निळा येतो आणि शुक्रवारी शुक्राच्या पांढऱ्याऐवजी हिरवा, म्हणजे तिथे तो मोडतो. शनिवारी तर राखाडी. राखाडी रंगात सण साजरा करावा हे आपल्या आजीला कुणी सांगितले असते, तर तिने सांगणाऱ्याची दृष्ट काढली असती. सात वार संपले की उरलेल्या दिवसांना मोरपंखी, जांभळा, गुलाबी यांतून काहीतरी देऊन नऊचा आकडा पुरा करायचा. औचित्याच्या कसोटीवर हे रंग एक दिवसही उभे राहू नयेत.

इथपर्यंत लेख लिहून झाला होता. तो मला बरा वाटला होता. जुने ते सार्थ आणि नवे ते पोकळ, असा त्याचा निकाल होता. असा निकाल लिहिताना हात मोठा सुखाने चालतो. सुखाने चालणाऱ्या हाताचा संशय घ्यावा, हे मात्र मी विसरलो होतो.

पहिला संशय रंगांच्या इतिहासाने घातला. रंग आणि प्रसंग यांची ताटातूट मी वर्तमानपत्राच्या आणि छायाचित्रकाराच्या माथी मारत होतो. प्रत्यक्षात ती त्याच्या पुष्कळ आधीची आहे. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा मुलगा कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या द्रव्यापासून क्विनाइन तयार करायला गेला आणि त्याच्या हाती जांभळा रंग लागला. १८६८ साली जर्मन रसायनज्ञांनी मंजिष्ठेतला तांबडा रंग प्रयोगशाळेत घडवला. १८९७ साली कारखान्यातली नीळ बाजारात आली. त्याआधी रंग ही मातीतून उगवणारी वस्तू होती. आमच्या मराठवाड्यातली करडई आपण तेलासाठी ओळखतो, पण कुसुंबी रंग निघे तो याच करडईच्या फुलांपासून. फूल खुडायचे, वाळवायचे, धुऊन धुऊन त्यातला पिवळा काढून टाकायचा, तेव्हा आत दडलेला तांबडा हाती येणार. एवढ्या कष्टाचा रंग रोज कोण नेसणार? तो लग्नाकार्यालाच निघायचा, आणि तोही ऐपत असेल त्याच्याकडे.

म्हणजे ज्याला मी औचित्य म्हणून नावाजत होतो, त्यातला एक मोठा भाग टंचाईतून आलेला होता. गरिबाच्या घरी रंग निवडायचा प्रश्नच नव्हता. जे अंगावर होते तेच धुऊन नेसायचे. माझ्या वर्णनातल्या जुन्या मांडवात आमसुली आणि डाळिंबी होते. जाडेभरडे, मळखाऊ, एकच एक वस्त्र नेसून मांडवाच्या कडेला उभी असलेली माणसेही होती. त्यांना मी माझ्या चित्रात घेतले नव्हते.

दुसरा संशय याहून घरचा होता.

माझे थोरले बंधू जाऊन आता अकरा वर्षे झाली. ज्या पुतणीच्या लग्नाबद्दल मी लिहीत आहे ती त्यांची मुलगी. तेव्हा हे लग्न माझ्या वहिनींच्या लेकीचे होते. तिच्या चिठ्ठीतली 'सर्वांनी पिवळे नेसावे' ही ओळ मी कवायत म्हणून हसण्यावारी नेली, पण वहिनींनी ती कशी वाचली असेल, हे माझ्या मनातही आले नव्हते.

जुन्या रंगव्यवस्थेचे मी एवढे गुण गायले. तिचा दुसरा अर्धा भाग असा आहे. हळदीकुंकू हा बायकांचा समारंभ, पण सगळ्या बायकांचा नव्हे. हिरवा चुडा सवाष्णीचा. ओटी सवाष्णीने भरायची. नवरीला हळद सवाष्णींनी लावायची. प्रत्येक रंगाला अर्थ होता आणि त्या प्रत्येक अर्थाच्या दारात एक बाई बाहेर उभी होती. तिलाही रंग नेमून दिलेला होता. ब्राह्मण घरांत तो तांबडा होता, हे आज पुष्कळांना ठाऊक नसते. केशवपन झालेल्या बाईने तांबडे आलवण नेसायचे. कपाळावर तांबडा असेल तर सौभाग्य, आणि सबंध अंगभर तांबडा असेल तर त्या सौभाग्याचा अंत. औचित्याचा याहून काटेकोर नमुना क्षेमेंद्रालाही सापडला नसता.

मराठी कादंबरी या बाईला विसरलेली नाही. खरे तर ती तिच्यापासूनच सुरू होते. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ सालचे. त्यात यमुना गावोगावच्या विधवांची दुःखे पाहत हिंडते. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' १८९० पासून 'करमणूक'मधून क्रमशः येऊ लागली. तिची नायिकाही यमुनाच, आणि तिच्या वाट्याला शेवटी केशवपन येते. ज्या १८५६ साली पर्किनला जांभळा सापडला, त्याच साली ब्रिटिश हिंदुस्थानात विधवाविवाहाचा कायदा झाला. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते. दोन्ही बातम्या आमच्याकडे उशिराच पोचल्या असणार. त्यातली रंगाची आधी पोचली आणि कायद्याची अजून पुरती पोचायची आहे, असे मला वाटते.

हे सारे मला हळदीच्या दिवशी सुचले असे नाही. त्या दिवशी मी फक्त पाहिले. नंतर लिहायला बसलो तेव्हा सुचले. पाहिले ते असे:

सकाळी वहिनी आपल्या नेहमीच्या फिक्या साडीत स्वयंपाकघराच्या बाजूला उभ्या होत्या. लग्नघरात त्यांना तिथेच उभे राहायची सवय झाली आहे. कुणी हाकलत नाही आणि कुणी बोलावतही नाही. पुतणी आली. तिच्या हातात नवी पिवळी साडी होती. वहिनी म्हणाल्या, "मला कशाला? लोक काय म्हणतील?" मुलगी म्हणाली, "आई, चिठ्ठीत 'सर्वांनी' असं लिहिलंय. तू नाही नेसलीस तर माझे सगळे फोटो बिघडतील." फोटोची सबब तिने पुढे केली. सौभाग्य, परंपरा, समता यांतला एकही शब्द तिने उच्चारला नाही. अशा शब्दांना वहिनींनी उत्तर दिले असते. फोटोला त्यांच्याकडे उत्तर नव्हते. त्या साडी नेसून आल्या.

मग मांडवात जे झाले ते माझ्या टीकाशास्त्राच्या अगदी उलट झाले. सगळेच पिवळे असल्यामुळे कोण कोण आहे ते कळेना. नवरी दिसत नाही, असा माझा आक्षेप होता. पण नवरी जशी दिसत नव्हती तशी विधवाही दिसत नव्हती. हळदीची वाटी हातोहात फिरत होती. ती फिरत फिरत वहिनींच्या हातात आली. त्या घुटमळल्या. आमच्या आत्याबाई, वय वर्षे ऐंशी, समोरच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी पाहिले. त्या आता काहीतरी बोलणार, हे मला त्यांच्या हनुवटीवरून कळले. मुलीने हात पुढे केला होता. वहिनींनी तिच्या दंडाला हळद लावली. आत्याबाई म्हणाल्या, "कोपर राहिलं बघ. तिथं लाव."

एवढेच झाले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. छायाचित्रकार त्या वेळी पलीकडे मामाचे चित्र काढत होता, म्हणून त्या क्षणाचा फोटोही नाही.

तेव्हापासून मी माझा पूर्वार्ध पुन्हा पुन्हा वाचतो आहे. त्यातले एकही विधान मला खोटे वाटत नाही. एकरंगी मांडव डोळ्याला कंटाळवाणा असतो, हे आजही माझे मत आहे. नवरात्राच्या रंगांना शास्त्राचा आधार नाही, हेही खरे. पण ज्या पोकळपणाला मी दोष म्हणत होतो, त्याच पोकळपणामुळे त्या पिवळ्यात वहिनींना जागा मिळाली. अर्थाने भरलेल्या रंगाला दार असते आणि दाराला राखणदार असतो. वाराप्रमाणे लावलेल्या रंगाला राखणदार कुठून येणार? सोमवारचा पांढरा घ्या. एरवी सणाच्या दिवशी पांढरी साडी नेसलेल्या बाईकडे लोक सांभाळून पाहतात. नवरात्रातल्या सोमवारी मत्स्योदरीच्या पायऱ्यांवर सवाष्णी, कुमारिका, विधवा, टाकलेल्या, साऱ्या पांढऱ्यात असतात आणि कुणाच्या कपाळाकडे पाहायला कुणाला सवड नसते. हे त्या दैनिकाने ठरवून केले असेल, असे मी म्हणत नाही. त्याला खप हवा होता. पण रचणाऱ्याच्या मनात नसलेला अर्थ रचनेत सापडतो, हे टीकाकारांना तरी नवीन नसावे.

२०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याविषयी परिपत्रक काढले. त्या ठरावाचे मोल मोठे आहे. तरीही ठराव फार तर कुंकू पुसू नका एवढे सांगू शकतो. हळदीची वाटी पुढे करा, हे ठरावाने घडत नाही. ते मांडवातच घडावे लागते, आणि मांडव रचणारे हात त्याचे निमित्त होऊ शकतात.

म्हणून नव्या रंगांना मी सरसकट पावती देतो, असेही नव्हे. त्यांनाही दार आहे. ते पैशाचे आहे. नऊ दिवसांचे नऊ रंग म्हणजे नऊ साड्या. ज्या बाईच्या पेटीत धडक्या साड्या चारच, तिने शनिवारी राखाडी कुठून आणावी? कचेरीत, शाळेत सगळ्याजणी एका रंगात उभ्या राहतात तेव्हा एक जण त्या दिवशी मुद्दाम उशिरा येते, किंवा फोटो काढायची वेळ झाली की तिला काहीतरी काम आठवते. स्वागतसमारंभाच्या गुलाबी-राखाडीत आमच्याकडेही दोन चुलत घरची माणसे आली नाहीत. कारण त्यांनी सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही. जुना रंग नशिबावरून माणूस वगळत होता, नवा खिशावरून वगळतो. वगळलेल्याला ते सारखेच लागते.

तेव्हा क्षेमेंद्राच्या कसोटीला मला माझ्यापुरती एक पुरवणी जोडावी लागते. हा रंग या प्रसंगाला शोभतो काय, हा पहिला प्रश्न. या रंगाने कोण बाहेर राहते, हा दुसरा. काव्याला दुसरा प्रश्न विचारायची गरज नसेल, कारण कविता कुणाला जेवायला बोलावत नाही. समारंभ बोलावतो. ज्याचा जन्मच आमंत्रणातून होतो त्या कलेचे औचित्य आमंत्रणाबाहेर कसे शोधता येईल? आणि या दोन प्रश्नांची उत्तरे वाटते तितकी एकमेकांविरुद्ध जात नाहीत. चौकोन काढून 'हाच पिवळा' म्हणून सांगितले, तर मांडवही एकसुरी होतो आणि एखादे घरही तुटते. चौकोन पुसून नुसते 'पिवळे' म्हणून सांगितले, तर हळदीपासून मोसंबीपर्यंतचे सारे पिवळे मांडवात येतात. विटके, मातकट, केशरीकडे झुकलेले, आईच्या पेटीतून काढलेले. मर्ढेकरांना हवा असलेला विरोधही त्यात येतो, आणि खिसा रिकामा असलेले माणूसही येते. अशा मांडवाचे छायाचित्र कदाचित इतके नीटस येणार नाही. तेवढे सोसावे.

हे मी पुतणीला वाचून दाखवले. तिने सगळे ऐकले आणि लेख लांबला आहे, एवढाच अभिप्राय दिला. आता तिला सातवा महिना लागला आहे. डोहाळजेवण आमच्याच घरी करायचे ठरले आहे आणि परवा तिचा त्यासाठी फोन आला.

"काका, हिरवा तर ठरलेलाच. पण कोणता हिरवा सांगू सगळ्यांना?"

मी म्हणालो, "ज्याच्या पेटीत जो असेल तो."

"बरं. मग तसंच लिहिते." थोडे थांबून ती म्हणाली, "आणि ओटी पहिली आई भरणार आहे. आत्याबाईंना मी विचारलंय."

"त्या काय म्हणाल्या?"

"नारळ चांगला बघून आणा म्हणाल्या."